अपुऱ्या पाकळीचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे. नानवर उमटवायचा, जर्दाळूच्या लाकडाचा, मुठीत मावेल एवढा. मला एकच गोष्ट येते, तीच खूण पुन्हा पुन्हा उमटवणं. सलग काही सांगायची मला सवय नाही. मला हे सांगता येईल की नाही, याचीच शंका आहे. कुठे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

सुरुवात एका पत्रापासून करतो, कारण सात वर्षं मी त्या पत्रावर बसून होतो. ताश्कंदहून आलेलं, दोन घड्या घातलेलं, निळ्या शाईचं पत्र. ते आलं होतं वोसिक-आकांना. आका म्हणजे थोरला भाऊ. आमच्या मर्गिलान शहरात वडीलधाऱ्या पुरुषाला सगळेच आका म्हणतात. वोसिक-आका वाचनालयात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या बोटांना खळीचा वास येई. मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांची पत्रं त्यांनीच लिहून दिलेली. या पत्रात मात्र त्यांच्याकडे फार थोडं मागितलं होतं. माझ्या एका पाकळीतला एक खिळा केव्हा आणि कसा तुटला, तेवढं खरं लिहून कळवा. बस्स.

त्याला उत्तर गेलं नाही.

माझा जन्म लाकूड कातणाऱ्या एका कातारी माणसाच्या दुकानात झाला. त्याने मला चरकावर धरलं, गोल केलं, मूठ काढली. मग तळाशी तीस खिळे ठोकले, त्यांची डोकी छाटली आणि कानस घासून सगळे एका उंचीचे केले. सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीला पाच खिळे. ओल्या पिठावर दाबलं की मधोमध फूल उमटायचं. तेवढी जागा तंदुरात फुगत नाही, कडा तेवढ्या फुगतात. शिवाय एका तंदुरात चार घरांची नान लागत असली तरी कोणतं कोणाचं ते फुलावरून कळायचं.

आमच्याकडे तीन गोष्टी कोणी मागितल्या तर नाही म्हणत नाहीत. विस्तव, आंबवण आणि ठसा. लग्नकार्य निघालं की शेजारीपाजारी ठसा मागून नेतात. परत देताना तो रिकामा देत नाहीत, सोबत नान आणि मूठभर खडीसाखर येते. आणि परत आलेल्या ठशाला, तू कुठे गेला होतास, असं विचारायची रीत नाही.

मला विकत घेतलं होशियात नावाच्या बाईने. ती रिसोलातची सासू, आणि रिसोलात ही वोसिक-आकांची धाकटी बहीण. एकोणीस वर्षांची असताना ती या घरात आली. तिचे हात छान होते. पीठ तिच्या हाताला चिकटत नसे.

पुढचं सांगायला मला जड जातं.

घरी पाहुणे यायचे होते. तंदुराच्या भिंतीवरून एक नान सुटलं आणि राखेत पडलं. एकच. होशियातच्या हातात तेव्हा मी होतो. तिने मला उलटा धरून सुनेच्या उजव्या मनगटावर हाणलं. मी मारलं नाही असं मला म्हणावंसं वाटतं. पण खिळे माझे होते. एक अख्खी पाकळी तिच्या मनगटात शिरली. म्हातारीने मला खेचून काढलं, तेव्हा मधला खिळा आतच राहिला.

"रड की," होशियात म्हणाली. "पाहुण्यांना तेवढंच ऐकायला मिळेल."

रिसोलात रडली नाही. तिने मला ओच्यात घेतलं, का कोण जाणे, आणि दोन गल्ल्या पलीकडे भावाकडे धावत गेली. वोसिक-आका तेव्हा तरुण होते. पुस्तकं शिवायच्या चिमट्याने त्यांनी तो खिळा काढला. मनगट धुऊन त्यांनी पट्टी बांधली.

"आका, मी दोन दिवस राहू इथे?"

आका दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती मोठी आहे. राग निवळेल तिचा. लोक उगीच... तू समजूतदार आहेस ना?"

त्यांनी तिच्या हातात नान दिलं आणि तिला पोहोचवायला निघाले. कोपऱ्यापर्यंतच. पुढे ती एकटी गेली.

त्या दिवसापासून माझ्या फुलाच्या एका पाकळीला चारच ठिपके उमटतात. रिसोलातच्या बाह्या तेव्हापासून मनगटाखाली गेल्या, त्या उन्हाळ्यातही वर आल्या नाहीत.

वर्षं गेली. नवरा रशियात कामाला गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. होशियात अंथरुणाला खिळली. तिचं अंग वळवणं, धुणं, पुसणं, सगळं रिसोलातकडे आलं. खोलीत वास कोंडायचा. तो वास जावा म्हणून रिसोलातने साबण करून पाहिला. सरकीचं तेल, दुंब्याची, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याची, थोडी चरबी, राखेचा खार, अंगणातल्या गुलाबांचं तांब्याच्या हंड्यात काढलेलं पाणी, आणि मूठभर रायहोन. हा रायहोन तुमच्या सब्जाच्या घराण्यातला, फक्त जास्त तिखट वासाचा. पहिला साबण लावून म्हातारीला आंघोळ घातली. तिने नाक वर केलं आणि म्हणाली, "गुलाब जास्त झालाय."

त्या घरात कोणी केलेलं एवढंच कौतुक मला आठवतं.

होशियात गेली. नान आता कोपऱ्यावरच्या भट्टीतून येऊ लागलं आणि मी फळीवर धूळ खात पडलो. एक दिवस साबणाच्या वड्या अर्धवट घट्ट झाल्या होत्या आणि त्यांच्यावर काहीतरी खूण हवी होती. रिसोलातने इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. कणकेपेक्षा साबण थंड असतो. पण फूल सुंदर उठलं, चार ठिपक्यांच्या पाकळीसकट.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस. गुरुवारच्या आणि रविवारच्या बाजारात बायका वडी नाकाशी नेण्याआधी उलटून फूल बघायच्या. "एक खिळा पडलेलं फूल आहे ना? मग द्या," म्हणायच्या. कोणी विचारलं की खिळा कसा पडला, तर रिसोलात म्हणायची, "जुना झालाय हो. तुमचेही दात पडतातच की."

पुढे ती चेहऱ्याचं मलमही करू लागली. त्याच्या डब्यांना चिठ्ठ्या हव्या होत्या. ते काम वोसिक-आकांनी घेतलं. बहिणीसाठी काही करायला मिळालं की त्यांना बरं वाटे. चार ओळींसाठी ते आठवडाभर पुस्तकं चाळत. त्याच दिवसांत मफ्तुना नावाची एक मुलगी काम शिकायला येऊ लागली. पलीकडच्या गल्लीतली, चुणचुणीत, शेजारच्या फरगाना शहरात काहीतरी शिकून आलेली. एका दुपारी तिघं ओट्यावर चहा पीत बसली होती. मी साबणाच्या ताटाशेजारी होतो.

"ओपा, मी सांगू?" मफ्तुना म्हणाली. ओपा म्हणजे ताई. "झाकणावर त्या फ्रेंच अत्तराचं नाव टाका. वासही थोडा तसाच येतो. बायका डोळे मिटून घेतील."

"डोळे मिटूनच घ्यावं लागेल," रिसोलात म्हणाली. "उघडे असले तर विचारतील, फ्रान्स गाढवगाडीवरून कसा आला गं?"

वोसिक-आकांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी पियाला खाली ठेवला. "नाही नाही, तसं अजिबात करायचं नाही. ते त्यांचं नाव आहे, सरकारदरबारी नोंदवलेलं. एक अक्षर इकडचं तिकडे करून टाकलं तरी ती चोरीच. 'अमक्यासारखा सुगंध' असंसुद्धा लिहायचं नाही. त्यांची बाटली, त्यांचा रंग, काही नको."

"मग लिहायचं काय, आका?"

"आहे ते. आत काय काय घातलं, कोणी केलं, केव्हा केलं. गुलाब आणि मर्गिलान हे शब्द कोणाच्या बापाचे नाहीत, ते कोणीही लिहावेत. आपलं स्वतःचं म्हणावं असं इथे एकच आहे." त्यांनी मला उचलून दाखवलं. "हे फूल."

मफ्तुनाने मला त्यांच्या हातातून घेतलं आणि बोटाने खिळे चाचपले. जिथे खिळा नव्हता तिथे तिचं बोट थांबलं. "हे नोंदवलंय का कुठे? कागदावर?"

"कशाला? हे फूल कोणाचं ते मर्गिलानात पोरंसुद्धा सांगतील."

"मर्गिलानात," ती म्हणाली. आणि मला खाली ठेवलं.

दुसऱ्याचं नाव घेऊ नये, हे आकांनी पुस्तकात वाचलं होतं. आपलंही कोणी घेईल, असं त्यांच्या मनात आलं नाही. आणि ते मला कसं कळावं? मी तर लाकूड.

पुढच्या महिन्यात मफ्तुना ठसा मागायला आली. बहिणीचं लग्न होतं म्हणे. रिसोलातने मला धुतलं, पुसलं, स्वच्छ रुमालात बांधून दिलं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मी तीन दिवस बाहेर होतो. लग्नाचं नान मी पाहिलं नाही. पाहिलं ते ताश्कंदमधलं एक गुळगुळीत टेबल. तिथे मला पहिल्यांदा शाई लागली. पांढऱ्या कागदावर मला दाबलं गेलं, पुन्हा दाबलं गेलं, आणि एक माणूस म्हणाला, "हा ठिपका गळलाय. भरून घेऊ?"

मफ्तुनाने थोडा विचार केला. "नको. लोक त्यावरूनच ओळखतात."

मग मी परत आलो, दोन नानांसह आणि खडीसाखरेसह. रिसोलातने रुमाल सोडला. "अगंबाई, हा निळा कशाने झाला? नानला नीळ दिली की काय पोरींनी?" ती हसली, मला गरम पाण्यात घासलं आणि फळीवर ठेवलं. परत आलेल्या ठशाला विचारायची रीत नाही.

ताश्कंदचं ते पत्र त्यानंतर दोन महिन्यांनी आलं. ते मी तेव्हा पाहिलं नव्हतं. पण नंतरच्या सात वर्षांत आकांनी माझ्या डोक्यावर ते इतक्या वेळा पुटपुटत वाचलं की मला पाठ आहे.

"आका, सलाम. वाचनालयाच्या खिडकीपाशी बसून वाचणारी ओझोदा मी. तुम्ही दिवे मालवेपर्यंत मला बसू द्यायचात. सध्या मी एका वकिलाकडे काम करते. इथे एक अर्ज आलाय, साबण आणि मलमासाठी फुलाचा ट्रेडमार्क. ते फूल रिसोलात-ओपांचं आहे. एका पाकळीला चारच ठिपके. अर्ज करणारी म्हणते, हे चित्र तिने स्वतः काढलं. हरकत घेता येईल, पण लवकर. आम्ही पूर्वीपासून वापरतो, असं तोंडी सांगणारे पुष्कळ येतात, त्यांचं इथे चालत नाही. पण तो पाचवा ठिपका का नाही, हे ज्याला सांगता येईल त्याचं ते फूल. खिळा केव्हा, कसा तुटला, ते सही करून लिहा. ठसाही पाठवा. दोन ओळीसुद्धा पुरतील. घाई करा."

आका लगेच लिहायला बसले. हे मला त्यांच्या मसुद्यांवरून कळलं. तेही पुढे माझ्याच खाली आले. अकरा मसुदे. सलाम, तब्येतीची चौकशी, फुलाची हकिकत, सगळं सुवाच्य अक्षरात. आणि प्रत्येक मसुदा एकाच ठिकाणी थांबलेला. "खिळा तुटला तो असा की". पुढे कोरा कागद.

पत्र त्यांनी एका पुस्तकात ठेवलं. बहिणीला सांगितलं नाही.

पाच महिन्यांनी, गुरुवारच्या बाजारात, दोन माणसं आणि एक अधिकारी रिसोलातच्या चादरीपुढे येऊन उभे राहिले. मी तिच्या पिशवीत होतो. वोसिक-आका शेजारी बसून डब्यांच्या चिठ्ठ्या सरळ करत होते. अधिकाऱ्याने एक छापील कागद काढला. त्यावर माझं फूल होतं.

"हा नोंदलेला ट्रेडमार्क. मालक मफ्तुना. तुम्ही याची नक्कल विकताय."

"नक्कल?" रिसोलात म्हणाली. "साहेब, मफ्तुना माझ्या अंगणात साबण ढवळायला शिकली."

"शिकली असेल. कागद तिचा आहे." त्याने वडी आणि कागद शेजारी शेजारी धरले आणि जमलेल्या लोकांना दाखवले. "बघा. खिळासुद्धा बरोब्बर तिथलाच गाळलाय. नक्कल करावी तर अशी."

लोक हसले. तिच्याकडून दहा वर्षं साबण नेणारी एक बाई म्हणाली, "ओपा, चोरायचंच होतं तर निदान फूल पूर्ण असलेलं तरी चोरायचं!"

"तो ठिपका का नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे?" अधिकाऱ्याने विचारलं. "असेल तर सांगा. माझी ना नाही."

रिसोलातचा डावा हात उजव्या बाहीवर गेला. ती भावाकडे बघू लागली. तिने एकदाही त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, त्या एका दिवसाचा अपवाद सोडून. आता मागितलं ते नुसतं बघून. वोसिक-आकांनी तिच्या बाहीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांच्या हातातल्या चिठ्ठ्या अगदी सरळ झाल्या होत्या.

तिने बाही वर केली नाही.

"माल जप्त करता येतो मला," अधिकारी म्हणाला. "पण आम्ही काही माणुसकी सोडलेली नाही. ही सुरी घ्या. फुलं खरवडा आणि साबण घरी न्या."

तिने खरवडली. दोनशे वड्या. बाजार भरलेला होता, गर्दी हलत नव्हती. गुलाबाचा वास इतका सुटला की पलीकडचा कांदेवाला शिंकू लागला आणि लोक त्याला हसले. खरवडलेल्या फुलांचा भुगा तिच्या मांडीवर साचत गेला. शेवटच्या वड्यांपर्यंत तिचं उजवं मनगट सुजलं होतं. ते थंडीतही सुजायचं. निघण्याआधी तिने मला पिशवीतून काढलं आणि भावाच्या मांडीवर टाकलं.

"हा घ्या, आका. पुस्तकांवर ठेवा. पानं उडणार नाहीत."

त्यांनी पुस्तकातून पत्र काढलं, खिडकीत ठेवलं, खाली अकरा मसुदे, आणि वर मला. रोज नजरेसमोर असावं म्हणून की काय, मला माहीत नाही. माणूस स्वतःला अशी शिक्षा देतो आणि त्याला वाटतं, काहीतरी केलं.

सात वर्षं. माझ्यावर कोणी तेलाचं बोट फिरवलं नाही. माझ्या मुठीला बारीक चीर गेली. मफ्तुनाची दुकानं तीन झाली. रिसोलात बिनखुणेचा साबण करायची. बिनखुणेचा साबण कपडे धुवायचा समजून मागतात आणि तसाच भाव करतात. मलम तिने सोडूनच दिलं. एकदा कोणीतरी तिला मफ्तुनाच्या साबणाची पेटी भेट दिली. ती घेऊन ती भावाकडे आली आणि माझ्यासमोर पेटीवरचा मजकूर त्यांच्याकडून वाचून घेतला. चष्मा घरी राहिलाय, म्हणाली. 'आमच्या फुलाची एक पाकळी अपुरी आहे. तो आमच्या आजीच्या डोळ्यांतला, न गळलेला एक थेंब.'

"छान लिहिलंय," रिसोलात म्हणाली. "तुम्ही लिहून दिलंत काय?"

आकांनी पेटी तिच्याकडे परत सरकवली.

या वसंतात आका आजारी पडले. रिसोलात त्यांची खोली आवरायला आली. खिडकीची काच पुसायला तिने मला उचललं. खालचा कागद पिवळा पडला होता. मी होतो तेवढा गोल मात्र पांढरा राहिला होता. त्या गोलात स्वतःच्या नावाची अक्षरं दिसली, म्हणून तिने तो उघडला. या वेळी चष्मा होता. तिने बोट ठेवून वाचलं, शेवटपर्यंत. मग मसुदे वाचले, अकराच्या अकरा. आका पलंगावरून बघत होते.

"हे बाजाराच्या आधी आलं होतं?"

"हो."

"किती आधी?"

"पाच महिने."

"मी खरवडत होते तेव्हा हे तुमच्या खिशात होतं?"

"पुस्तकात होतं."

"कोणत्या?"

त्यांनी नाव सांगितलं.

"चांगलं पुस्तक आहे?" तिने विचारलं.

आका म्हणाले, "लिहायला बसलो होतो गं. खिळा कसा तुटला हे लिहायचं, तर तू माझ्याकडे आलीस तेही लिहावं लागलं असतं. आणि मी काय केलं, तेही."

"ते कोणी विचारलं होतं? सासूने मारलं, तुटला. झालं."

"ते अर्धंच झालं असतं."

"अर्ध्याने माझं फूल वाचलं असतं, आका! तुम्हाला पूर्ण खरं लिहायचं होतं म्हणून तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. आणि माझ्याकडून दोनशे फुलं खरवडून घेतलीत."

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. पण ती चहा घेऊन आली. पियाला त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवला, टेबल पलंगाशी ओढलं आणि कागद पुढे सरकवला.

"उठून बसा. आता पूर्णच लिहा."

"मुदत कधीच गेली, रिसोलात. आता काही होणार नाही."

"माहीत आहे मला. तिने विचारलं होतं. विचारलेल्याला उत्तर द्यायचं असतं, एवढं तुम्हीच मला शिकवलंत. लिहा."

त्यांनी लिहायला घेतलं. ती उभी राहून सांगत होती. होशियातने मारलं ते, राखेत पडलेलं नान, ओच्यात मी. आका भराभर लिहीत होते. मग त्या जागी आले जिथे अकरा वेळा थांबले होते, आणि या वेळी हात पुढे सरकला. "मी तिला राहू दिलं नाही. हातात दोन नान देऊन..."

"एक," रिसोलात म्हणाली.

"दोन होती. मला चांगलं आठवतं."

"दोन दिलीत. मग एक काढून घेतलंत, संध्याकाळी तुमच्याकडे मित्र यायचे होते म्हणून. एक लिहा."

आकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही बोलणार होतो. एकच होतं, मित्रांनो. मी ओच्यात होतो, माझ्या अंगावर एकच पडलं. त्यांनी 'दोन' खोडलं आणि 'एक' लिहिलं. त्यांचे अश्रू कागदावर पडतील म्हणून रिसोलातने कागद थोडा बाजूला सरकवला. त्यांना पुसायला काही दिलं नाही.

मग तिने मला शाईत बुडवून कागदाच्या तळाशी दाबलं. फूल उमटलं. आणि त्यानंतर तिने, त्या जखमेपासून पहिल्यांदा, बाही कोपरापर्यंत वर केली.

"आता हे."

आकांनी पातळ कागद तिच्या मनगटावर ठेवला आणि पेन्सिलीने एकेक व्रण टिपला. एक, दोन, तीन, चार. आणि मधोमध पाचवा, सगळ्यांत खोल. माझ्याकडे जे नाही ते तिथे आहे. तो कागद त्यांनी माझ्या फुलावर धरला. बसला बरोबर.

मग त्यांनी निबांच्या डबीतून काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. माझा खिळा. गंजलेला, टोकाशी काळा. एवढी वर्षं तो त्या डबीत होता आणि मी सात वर्षं खिडकीत. आम्ही एकाच खोलीत होतो.

रिसोलातने तो बघितला. "जपून ठेवलात," ती म्हणाली. "हे तुम्हाला जमतं."

मित्रांनो, मी काही शहाणा नाही. मला तुमच्याकडे एवढंच मागायचंय. आपल्या हाताने काही केलं तर त्यावर आपली खूण करा, आणि ती खूण कागदावर नोंदवायला लाजू नका. कोणी ठसा मागितला तर द्या, पण परत आल्यावर त्याला बघा, त्याच्या अंगाला लागलेल्या शाईबद्दल विचारा. आणि कोणी तुमच्याकडे दोन ओळींचं खरं मागितलं, तर ज्या दिवशी मागितलं त्या दिवशी द्या. चांगल्या अक्षराची वाट पाहू नका.

पार्सल आकांनी स्वतः बांधलं. मी, खिळा, व्रणांचा कागद आणि उत्तर. दारात त्यांनी बहिणीला विचारलं, "येतेस सोबत?"

"कोपऱ्यापर्यंत येते," ती म्हणाली.

आणि कोपऱ्यापर्यंतच आली. तिची पावलं थांबली ते मला आतून ऐकू आलं. पुढे आका एकटेच, काठी टेकत, तीनदा दम खात गेले. टपाल कचेरीत खिडकीमागच्या बाईने पत्ता वाचला.

"आजोबा, हा पत्ता फार जुना वाटतो. माणूस तिथे नसला तर?"

"परत येईल," आका म्हणाले. "मग मी पुन्हा पाठवेन."

इतकी वर्षं मी पत्रावर होतो. आता पत्र माझ्यावर आहे. अंधार आहे, साबणाचा थोडा वास अजून माझ्या लाकडात आहे. बाईने शाईची पेटी उघडली, आणि तिचा टपालाचा ठसा माझ्या डोक्यावर जोरात बसला.